आरोग्य विमा सक्तीचा करावा का? सरकारचा अधिकार आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

गिरणाकाठ (पाचोरा)

आरोग्य विमा प्रत्येक कुटुंबाला सक्तीचा करावा, म्हणजे दवाखान्याच्या एका बिलापायी शेत गहाण टाकण्याची वेळ कुणावर येणार नाही, असे मत आपल्या भागात आता वारंवार ऐकू येते. त्यामागची कळकळ खरी आहे. मोठे ऑपरेशन करून आलेल्या माणसाला भेटायला गेले, की तब्येतीच्या चौकशीपाठोपाठ 'खर्च किती आला' हा प्रश्न येतो आणि उत्तर देताना घरच्यांचा आवाज खाली जातो, हे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सारखेच आहे. परंतु एखादी गोष्ट हिताची आहे म्हणून सरकारने ती नागरिकाला विकत घ्यायला लावावी का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सहीने जो आरोग्य कायदा झाला, त्याने बहुतेक नागरिकांवर विमा घेण्याचे बंधन घातले आणि न घेणाऱ्याला दंड ठेवला. जो माणूस बाजारात उतरलेलाच नाही त्याला 'खरेदी कर' असे सांगण्याचा अधिकार केंद्र सरकारला कुठून आला, असा विरोधकांचा सवाल होता. सुनावणीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विचारले, की हे मान्य केले तर उद्या सरकार लोकांना ब्रोकोली विकत घ्यायलाही लावू शकेल काय? २८ जून २०१२ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराखाली अशी सक्ती बसत नाही असे म्हटले, मात्र विमा न घेणाऱ्याकडून वसूल होणारी रक्कम हा एक कर मानता येईल आणि कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे, या आधारावर ५ विरुद्ध ४ मतांनी ती तरतूद टिकली.

या निकालाची चर्चा बहुधा ब्रोकोलीपाशी अडकते, पण सक्ती आली कशासाठी, ते पाहणे जास्त महत्त्वाचे आहे. आधीपासून आजारी असलेल्या माणसाला विमा नाकारायचा नाही, असे बंधन त्याच कायद्याने कंपन्यांवर घातले होते. एवढेच केले असते तर लोक धडधाकट असताना विमा घेणार नाहीत, आजार निघाल्यावर धावत येतील, मग हप्ते वाढतील आणि राहिलेले निरोगी लोकही बाहेर पडतील, ही भीती होती. म्हणून निरोगी माणसालाही आत घेतले. म्हणजे सक्ती दोन्ही बाजूंना होती: नागरिकाने घेतलाच पाहिजे आणि कंपनीने दिलाच पाहिजे.

माझे मत सरळ सांगतो. आरोग्याच्या बाबतीत सरकारला अधिकार असावेत, सक्तीचेही असावेत, याला माझा तात्त्विक विरोध नाही. परंतु सरकार जेवढा अधिकार नागरिकावर घेईल, तेवढीच ठाम जबाबदारी विमा कंपनीवर, रुग्णालयावर आणि स्वतःवर कायद्याने लिहून घेईल, आणि ती पाळली गेली नाही तर सामान्य माणसाला न्यायालयात दाद मागता येईल, ही अट हवी. ती नसेल तर अशा सक्तीला मी विरोध करीन. आपल्याकडे ही अट पाळली जाते का, याचे अनुभव कृपया लिहावेत.

केळीबाग (रावेर)

गिरणाकाठ नाना, सक्तीच्या विम्याचा अनुभव घ्यायला खान्देशातल्या शेतकऱ्याला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली, आणि त्याआधीच्या योजनांतही पीक कर्ज घेणाऱ्याला विमा बंधनकारकच होता. खरीप २०२० पासून तो ऐच्छिक झाला. तोपर्यंत काय व्हायचे, ते लिहितो. सोसायटीकडून किंवा बँकेकडून कर्ज मंजूर झाले की हप्त्याची रक्कम खात्यातून परस्पर वळती व्हायची. मला पॉलिसीचा कागद कुणी दिला नाही. कोणत्या कंपनीचा विमा आहे, हेही पासबुकातल्या नोंदीवरून कळायचे नाही.

आमच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्यात नुकसान ठरवायला सहसा बागेत कुणी येत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरावीक तापमान ठरावीक दिवस सलग किंवा ठरावीक वेगाचा वारा नोंदला गेला, तर भरपाई मिळते, नाहीतर मिळत नाही. एका उन्हाळ्यात वादळाने माझ्या बागेतली घडावर आलेली झाडे आडवी झाली. ज्यांनी केळी लावली आहे त्यांना ठाऊक आहे, की घड पक्व व्हायच्या आत झाड मोडले, तर तो माल व्यापारी हातातही धरत नाही, आणि पडलेली झाडे बागेबाहेर काढायची मजुरी पुन्हा आपल्यालाच पडते. मंडळाच्या केंद्रावर मात्र त्या दिवशी वाऱ्याचा वेग निकषाच्या खाली होता. तलाठ्याकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून कृषी कार्यालयाकडे अशा चकरा मारून झाल्यावर मिळालेले उत्तर एकच होते: आकडा केंद्राचाच धरला जातो.

हप्ता भरण्याची सक्ती माझ्यावर होती, पण भरपाई ठरवणारे यंत्र कुठे बसवले आहे, ते नीट चालते का, त्याची नोंद कोण तपासतो, हे विचारण्याचा हक्क मला नव्हता. आरोग्य विम्यात यंत्राच्या जागी कंपनीचा मंजुरी देणारा डॉक्टर असेल, जो रुग्णाला पाहत नाही. म्हणून माझा सक्तीला विरोध आहे, आणि तो कुठलीही अट घालून कमी होणारा नाही.

चटईवाला (जळगाव)

केळीबाग भाऊ, तुमचे दुःख मी समजू शकतो, कारण माझेही घर मुळात शेतीचेच आहे. तरीही सक्ती म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष मला मान्य नाही. एमआयडीसीत माझे प्लास्टिकच्या चटयांचे छोटे युनिट आहे. आमच्या कामगारांना राज्य कामगार विमा लागू आहे, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात. तो १९४८ च्या कायद्याने आलेला सक्तीचा आरोग्य विमाच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, असे दर जुलै २०१९ पासून आहेत. त्याआधी ते बरेच जास्त होते.

कामगार नवीन लागला की पहिल्या पगाराला हमखास विचारतो, 'शेठ, हे पैसे कशाचे कापले?' त्याला ते नको असतात, हातात आले तर बरे वाटते. पण लूमवर काम करणाऱ्या एका मुलाला काविळीने अंथरुणाला खिळवले, तेव्हा घरी बसूनही त्याला पगाराच्या ७० टक्के दराने आजारपणाचा भत्ता मिळाला. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत तो मिळू शकतो. खासगी विमा दवाखान्याचे बिल देईल, पण बुडालेली मजुरी देणार नाही. त्या मुलाला निवड दिली असती, तर त्याने हा विमा घेतला नसता, हे मी खात्रीने सांगतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आजारपणाची आठवण कशाला येईल?

ईएसआयचे दवाखाने अपुरे आहेत, औषधे वेळेवर मिळत नाहीत, मोठ्या उपचारासाठी कामगाराला दुसऱ्या शहरात जावे लागते, हे सगळे खरे आहे आणि त्यावर मीच तक्रारी केल्या आहेत. परंतु नानांच्या अटीत ही योजना बसते, कारण या कायद्याने कर्मचारी विमा न्यायालयाची स्वतंत्र तरतूद केली आहे. लाभ नाकारला तर कामगार तिथे जाऊ शकतो. मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमाही सक्तीचाच आहे, आणि त्याविरुद्ध स्वातंत्र्याच्या नावाने कुणी भांडताना मी पाहिलेले नाही.

भुसावळचा वकील

चटईवाला यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे वेगवेगळी धरावी लागतील. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी असतो, आणि गाडी रस्त्यावर आणणाऱ्यालाच तो लागतो. ज्याला नको त्याने गाडी घेऊ नये, ही वाट मोकळी आहे. आरोग्य विम्याची सक्ती मात्र निव्वळ जिवंत असण्यावर येते आणि त्यातून बाहेर पडायला वाट नसते. अमेरिकेतल्या विरोधकांचा मुख्य युक्तिवाद हाच होता आणि तो हलका नाही.

आपल्या कायद्याची स्थिती अशी आहे. आरोग्याचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कातून काढला. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला २५,००० रुपये भरपाई दिली. हा निकाल मोठा आहे, परंतु तो तातडीच्या उपचारांपुरता आहे. डायलिसिस, कर्करोग, गुडघ्याचे प्रत्यारोपण यांपर्यंत तो आपोआप पोहोचत नाही.

आता योजनांकडे पाहू. राजीव गांधी जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपले धुळे होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि पिवळ्या-केशरी रेशन कार्डाची अट होती. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची जोड झाली आणि जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेऊन ती पांढऱ्या कार्डासह सगळ्यांना खुली केली. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण या सर्व बदलांचा आधार शासन निर्णय हाच आहे. एका शासन निर्णयाने जे दिले, ते दुसऱ्या शासन निर्णयाने काढता येते. ईएसआयच्या कामगाराकडे अधिनियम आहे, फुले योजनेच्या लाभार्थ्याकडे तेवढा पक्का आधार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तसा महाराष्ट्रात नाही. गिरणाकाठ यांची अट इथे अडते.

शिरपूरचा डॉक्टर

राजस्थानचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. तिथे खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्याचे कारण हक्काला विरोध हे नव्हते. तातडीच्या रुग्णावर आगाऊ पैसे न घेता उपचार करा, असे कायदा सांगत होता, पण ते पैसे सरकार कधी आणि किती देणार, हे स्पष्ट नव्हते. सरकारच्या अधिकाराची चर्चा नेहमी रुग्णाच्या बाजूने होते, ते बरोबरच आहे. मात्र डॉक्टरही नागरिक आहे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य त्यालाही आहे.

मे २०२० मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साथीच्या काळात मी ते योग्य मानले आणि आजही मानतो. परंतु ज्या साथरोग कायद्याचा त्या वेळी आधार घेतला गेला, तो १८९७ चा आहे. पुण्यातल्या प्लेगच्या वर्षी इंग्रजांनी केलेला हा कायदा अगदी चार-दोन कलमांचा आहे, आणि त्यात सरकारला काय करता येईल याला जवळपास मर्यादाच नाही. नागरिकाने दाद कुठे मागावी, याचे एकही कलम मूळ कायद्यात नव्हते. रँडच्या शिपायांनी घरांत शिरून काय केले आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, ते महाराष्ट्राला सांगायला नको.

आता रोजचा व्यवहार सांगतो. फुले योजनेत रुग्ण आला की आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा कर्मचारी, कागद तपासतो, आम्ही तपासण्यांचे अहवाल चढवतो आणि मंजुरीची वाट पाहतो. मंजुरी साधारणपणे येते. पण छातीत दुखतेय म्हणून रात्री आणलेल्या माणसाच्या रेशन कार्डावर सुपडू आणि आधार कार्डावर सुपडा असे नाव असले, की मुलगा हातात दोन्ही कार्डे धरून काउंटरपुढे उभा राहतो आणि कुणाकडेच उत्तर नसते. तातडीच्या रुग्णासाठी आधी उपचार आणि मागून कागद अशी सोय नियमात आहे, तरी दावा नंतर नाकारला जाईल या धास्तीने अनेक रुग्णालये आधी अनामत मागतात. हे चूक आहे. ते का घडते, याचे उत्तर थकलेल्या दाव्यांत आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या पॅकेजच्या दरांत आहे.

गिरणाकाठ (पाचोरा)

डॉक्टरसाहेब, तुमच्या लिहिण्यातून माझ्या अटीत एक पक्ष वाढला. सरकारने रुग्णालयाचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावेत, न दिल्यास व्याज द्यावे, हेही त्याच कायद्यात असले पाहिजे. मात्र अनामतीबाबत मी तुमच्याशी सहमत नाही. दावा नाकारला जाण्याचा धोका रुग्णालयाने सोसायचा की छातीत कळ आलेल्या माणसाने, यात दोन्ही बाजूंना सारखे वजन देता येत नाही.

चोपड्याचा, सध्या न्यू जर्सी

इथल्या कायद्याबद्दल थोडी भर घालतो, कारण भारतात त्याची कहाणी २०१२ च्या निकालाशी संपवली जाते. सक्तीची ही कल्पना ओबामांच्या पक्षापुरती नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००६ मध्ये अशीच सक्ती रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या काळात आली होती. केंद्राच्या कायद्यातली दंडाची रक्कम २०१७ च्या कर कायद्याने शून्य केली आणि २०१९ पासून ते अमलात आले. मग 'कर उरला नाही, तर सक्तीही घटनाबाह्य झाली आणि सगळा कायदाच रद्द करा' असा दावा काही राज्यांनी केला, जो सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला, कारण दावा करणाऱ्यांना प्रत्यक्ष नुकसान दाखवता आले नाही.

माझ्या दृष्टीने यातली शिकवण वेगळी आहे. दंड गेला तरी कायदा कोसळला नाही. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, हे कंपन्यांवरचे बंधन टिकले आणि हप्त्याला मिळणारी सरकारी मदतही टिकली. लोकांना आत ठेवले ते मुख्यतः या मदतीने. केळीबाग भाऊंच्या विरोधात म्हणूनच तथ्य आहे, असे मला वाटते: परवडणारा आणि खात्रीचा विमा असेल तर बहुतेक लोक स्वतःहून घेतात.

२०१२ च्या त्याच निकालाचा आणखी एक भाग आपल्याला लागू पडण्यासारखा आहे. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार न करणाऱ्या राज्यांचा आधीपासून मिळणारा केंद्रीय निधीही बंद करण्याची तरतूद न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी अमान्य केली. केंद्राने पैशाच्या जोरावर राज्यांचा हात पिरगाळू नये, असा त्याचा अर्थ आहे. भारतात सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, तरी योजनांची नावे, कार्डे आणि अटी दिल्लीहून ठरतात.

सातपुडा ताई (धडगाव)

मी आरोग्य खात्याशी संबंधित काम पाड्यांवर करते, म्हणून नाव देत नाही. वरची सगळी चर्चा वाचली. तिच्यात पैसा आणि सक्ती यांचा विचार चांगला झाला आहे, पण माहितीचा विचार झालेला नाही, आणि आमच्याकडे सरकारी अधिकार सर्वांत आधी माहितीच्या रूपाने दारात येतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि प्रत्येकाला कार्ड द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. मी या तपासणीच्या बाजूने आहे. ज्याला आजार आहे त्याला लवकर औषध सुरू झाले, तर हाडे फोडणाऱ्या त्या वेदनांतून मूल पुष्कळ वाचते, हे मी पाहिले आहे. आई आणि वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचा दोष मुलाला देऊ शकणारे) असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, हेही जोडप्याला कळले पाहिजे.

परंतु वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे पाड्यावर दहा वेळा समजावले तरी कार्ड बोलत राहते. एका आश्रमशाळेत तपासणीनंतर मुलामुलींची नावे आणि पुढे निकाल अशी यादी व्हरांड्यात चिकटवलेली मी स्वतः काढली. तोवर ती सगळ्यांनी वाचली होती. त्यातल्या एका मुलीच्या सोयरिकीची बोलणी पुढे त्याच कारणाने मोडली. ती मुलगी पूर्ण निरोगी आहे. रक्त घेताना तिला किंवा तिच्या आईला 'हा निकाल कुणाकुणाला दिसेल' असे कुणी सांगितले नव्हते.

एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे. त्यात संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही आणि विमा देताना त्या आधारावर मनमानी भेदभाव करता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा रुग्ण येतो, वाहक येत नाही. मग उद्या विमा सक्तीचा झाला आणि सगळी कार्डे एकमेकांना जोडली गेली, तर वाहक असलेल्या आमच्या हजारो लोकांची ही नोंद कोण वाचणार आणि तिचा काय अर्थ लावणार? आमचे लोक ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, तिथे आयुष्मान कार्ड चालते, त्याचा उपयोगही होतो. म्हणून मी कार्डाविरुद्ध बोलत नाही. त्या कार्डावर किंवा त्यामागच्या संगणकात काय लिहिले आहे, ते कार्डधारकाला माहीत असावे आणि बाकीच्यांपासून सांभाळले जावे, एवढेच मागते.

आणि एक गोष्ट केळीबाग भाऊंसारखीच सांगते. नर्मदेच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या गावांतून बाळंतीण बाई आधी झोळीत, मग बोटीत आणि मग गाडीत बसून येते. तिच्याकडे पाच लाखांचे संरक्षण असते. ते ज्या ऑपरेशन थिएटरात वापरायचे, ते मात्र घाट उतरून नंदुरबारला असते.

भुसावळचा वकील

ताई, आपल्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे आणि तो भक्कम आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात हस्तक्षेप करायचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप गरजेपेक्षा जास्त नको. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात बहुमताने कल्याणकारी योजनांसाठी आधार मागणे वैध ठरवले, खासगी कंपन्यांना मात्र तशी मुभा देणारे कलम त्या मर्यादेत रद्द केले. व्हरांड्यात लावलेली यादी यातल्या कुठल्याही कसोटीवर उतरत नाही.

शरीरावरच्या अधिकाराबद्दल २ मे २०२२ चा निकाल पाहावा. लसीच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. ही सावधगिरी किती आवश्यक आहे, ते आपल्या राज्याला ठाऊक असायला हवे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने, लोकहिताच्या नावाने, आपल्याच राज्यात तो निर्णय घेतला होता. म्हणून सरकारचा हेतू चांगला आहे, हे सक्तीचे पुरेसे समर्थन मी कधीही मानत नाही.

काळजीची बाब २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. अनुदान, लाभ किंवा सेवा देण्यासाठी सरकारला काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरता येईल, अशी सोय त्यात आहे. आरोग्याच्या माहितीला वेगळे, जास्त कडक संरक्षण त्या कायद्याने दिलेले नाही.

केळीबाग (रावेर)

ताईंचे वाचून मन खिन्न झाले. चटईवाला भाऊंना एक विचारतो. ईएसआयच्या न्यायालयात तुमच्या माहितीतला एखादा कामगार खरोखर गेला आहे का? ग्राहक मंचाची वाट आम्हालाही कागदावर होतीच. वकिलाची फी, तारखा आणि बुडालेला दिवस धरला, तर भरपाईपेक्षा खर्च जास्त होतो. दाद मागण्याची सोय गावापासून किती लांब आहे, त्यावर तिचा उपयोग ठरतो.

चटईवाला (जळगाव)

माझ्या युनिटमधला कुणी गेलेला नाही, हे खरे आहे. भत्ता अडला तेव्हा मीच शाखा कार्यालयात जाऊन बसलो होतो, म्हणजे मालक बरा असेल तर काम होते, असा त्याचा अर्थ निघतो, आणि हक्क असा मालकाच्या स्वभावावर टांगलेला असू नये. तरीही कायदा होता म्हणून मी तिथे ठामपणे बोलू शकलो. जीआरच्या जोरावर तसे बोलता आले नसते.

गिरणाकाठ (पाचोरा)

इथे मांडलेल्या मुद्द्यांचे एक निवेदन करून आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या आमदारांना द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. मागणी विम्याच्या सक्तीची नसेल. फुले योजनेला शासन निर्णयाऐवजी विधिमंडळाच्या कायद्याचा आधार द्यावा, ही पहिली मागणी असेल. दावा किंवा मंजुरी नाकारली तर कारण मराठीत, लेखी आणि त्याच दिवशी मिळावे. तक्रारीची सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि तिथे वकिलाची गरज पडू नये. तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेण्यावर बंदी असावी आणि रुग्णालयाचे पैसे मुदतीत न दिल्यास सरकारने व्याज द्यावे. वकीलसाहेबांनी याचा मसुदा करावा, ही विनंती. केळीबाग भाऊ सक्तीच्या विरोधात ठाम आहेत, परंतु या मागण्यांवर त्यांची सही मिळेल, असे मला वाटते.

केळीबाग (रावेर)

सही करीन. मात्र मंजुरी नाकारणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक त्या लेखी कारणावर असला पाहिजे.

सातपुडा ताई (धडगाव)

मसुद्यात आणखी एक कलम घ्यावे. तपासणीचा निकाल ज्याचा त्याला, बंद पाकिटात, त्याला समजेल त्या बोलीत सांगितला जावा, आणि शाळा, वसतिगृह किंवा ग्रामपंचायत यांना नावानिशी यादी दिली जाऊ नये. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तो फक्त आईवडिलांना सांगावा. आमच्या भागाला पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे, म्हणून हा मजकूर मी येत्या ग्रामसभेत ठरावासाठी ठेवत आहे. पावरी आणि भिलोरीत तो वाचून दाखवावा लागेल, त्यामुळे वकीलसाहेबांनी वाक्ये लहान ठेवावीत.